कथील, कळंक आणि पितळ

आठवीच्या विज्ञानाच्या पेपरात ‘फरक स्पष्ट करा’ म्हटलं की मूलद्रव्य, संयुग आणि मिश्रण ठरलेले. सहामाही जवळ आली की आमच्या सोसायटीतली मुलं वह्या घेऊन माझ्याकडे येतात आणि प्रत्येकाच्या वहीत पट्टीने रेघा मारून केलेला तोच तक्ता असतो. मूलद्रव्यात एकाच प्रकारचे अणू. संयुगात दोन किंवा अधिक मूलद्रव्यांचा रासायनिक संयोग, तोही ठरावीक प्रमाणात. मिश्रणात घटक कोणत्याही प्रमाणात. उदाहरणं अनुक्रमे सोनं, पाणी, भेळ. पाठांतर चोख असतं. ‘ठरावीक म्हणजे कोणी ठरवलं?’ एवढं विचारलं की मात्र सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतात.

भेळेवर माझा जुना राग आहे. मिश्रणाचं हे सगळ्यात सोपं उदाहरण आणि म्हणूनच सगळ्यात बिनकामाचं. चुरमुरा वेगळा दिसतो, शेव वेगळी दिसते, कांदा वेगळा दिसतो. मग मुलांची समजूत पक्की होऊन बसते की तुकडे दिसले की मिश्रण, एकजीव दिसलं की मिश्रण नव्हे. (एकाने बाणेदारपणे भेळ खोडून मिसळ लिहिली होती. पुणेकर म्हणून मी अर्धा मार्क वाढवला असता.) म्हणून हल्ली मी वह्या मिटायला लावते आणि ओट्याखालून पितळेचं पातेलं काढते.

पातेलं आजीचं. पुण्याच्या कसबा पेठेतला वाडा पाडायला निघाला तेव्हा भांड्यांची वाटणी झाली, त्यात हे कोणालाच नको होतं. जड, घासायला त्रासाचं, आणि गॅसच्या शेगडीवर डुगडुगणारं. बाहेरून अंगभर हातोडीच्या ठोक्यांचे चपटे ठसे आहेत, उजेडात फिरवलं की एकेक ठसा उजळतो आणि विझतो. काठावर ठिपक्याठिपक्यांनी टोचून आजोबांचं नाव घातलंय, त्यातला एक काना घासून घासून गेलाय. आत कल्हई आहे, पण बुडाच्या वळणावर दोन बोटं जागेवरची उडाली आहे आणि तिथे हिरवट-निळसर कळंक धरलाय.

मी मुलांना विचारते, यात मूलद्रव्य कुठलं, संयुग कुठलं, मिश्रण कुठलं? बहुतेकांचं उत्तर एकच येतं. पिवळंधमक पितळ दाखवून म्हणतात, ‘काकू, हे मूलद्रव्य.’ कळंक दाखवून म्हणतात, ‘हे मिश्रण.’ कारण पितळ स्वच्छ आणि एकसारखं दिसतं, कळंक मळकट दिसतो. वस्तुस्थिती नेमकी उलटी. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त यांचं मिश्रण. तो मळकट कळंक हे संयुग, अगदी काटेकोर हिशेबाचं. मूलद्रव्य म्हणावं तर आतली कल्हई, म्हणजे कथील. एका पातेल्यात तिघं नांदतायत आणि डोळ्यांच्या भरवशावर तिघांचीही नावं चुकतात.

पितळेत किती तांबं घालायचं हे करणारा ठरवतो. सत्तरला तीस घालता येतं, साठला चाळीसही घालता येतं. तांबं जास्त असेल तर रंग लालसरपणाकडे झुकतो, जस्त वाढवलं की पिवळा होतो. जस्त साधारण ३५ टक्क्यांच्या आत असलं तर पितळ मऊ राहतं, थंडपणी ठोकून त्याला हवा तसा आकार देता येतो. त्याच्या पुढे गेलं की धातूच्या पोटात वेगळ्याच रचनेचे कण तयार व्हायला लागतात, तो कडक होतो, आणि तापवल्याशिवाय ठोकायला गेलं तर तडकतो. कसब्यातल्या तांबट आळीत पेशवाईपासून तांब्याची भांडी घडवली जातात, बंब, घंगाळं, हंडे. तिथलं मठारकाम, म्हणजे हातोडीने ठोकून भांडं घडवणं, बघत मी लहानपणी तासन्‌तास उभी राहायचे. ठोकून ठोकून धातू कडक झाला की कारागीर पुन्हा भट्टीत घालून तो नरम करून घ्यायचे, आणि नरम झाला हे त्यांना हातोडीच्या आवाजावरून कळायचं. टक्केवारीचा कागद तिथे कुणाच्या हातात नव्हता.

पितळेची आणखी एक गंमत मला फार आवडते. पुस्तकात आधी मूलद्रव्य येतं आणि त्यांचं मिश्रण मागून येतं. पितळेच्या बाबतीत इतिहास उलटा घडला. माणसाला पितळ कितीतरी शतकं आधी सापडलं, जस्त नंतर. कारण जस्त हा पळपुटा धातू. तो ९०७ अंश सेल्सिअसला उकळतो, आणि त्याचं खनिज कोळशाबरोबर तापवून धातू सुटा करायचा तर त्याहून जास्त आच लागते. म्हणजे जन्माला येतो तोच वाफ होऊन. हवा लागली की त्या वाफेची पांढरी भुकटी होते आणि हातात धातू म्हणून काहीच राहत नाही. जुन्या कारागिरांनी यावर नामी तोड काढली होती. जस्ताचं खनिज, कोळसा आणि तांब्याचे तुकडे बंद मुशीत घालून तापवायचे. सुटलेली वाफ तांबं आपल्यात मुरवून घेतं आणि बाहेर येतं ते पितळ. घटकांपैकी एक कुणी डोळ्यांनी पाहिलेला नाही, त्याला नाव नाही, आणि तरी मिश्रण बाजारात विकलं जातंय!

ही वाफ पकडण्याची युक्ती आपल्याकडे राजस्थानात, उदयपूरजवळच्या जावरच्या खाणींवर साधली. मातीच्या मुशी तोंड खाली करून भट्टीत लावायच्या, वरून आच द्यायची आणि जस्ताची वाफ खालच्या थंड भांड्यात उतरवून घ्यायची. मध्ययुगात तिथे अशा रीतीने मोठ्या प्रमाणावर जस्त निघत होतं. युरोपात जर्मन रसायनशास्त्रज्ञ मार्ग्राफने १७४६ साली जस्त सुटं करून हा स्वतंत्र धातू आहे हे नीट दाखवलं.

जस्ताची पळून जायची खोड अजून गेलेली नाही. ओतारी पितळ वितळवतो तेव्हा मुशीच्या तोंडावर पांढरा धूर लोळतो. मिश्रणातलं जस्त वाफ होऊन सुटलं आणि हवेतल्या ऑक्सिजनशी जुळून झिंक ऑक्साइड झालं, म्हणजे संयुग झालं, त्याचा तो धूर. तो छातीत गेला की कारागिराला रात्री थंडी वाजून ताप भरतो. ‘मिश्रणाचे घटक भौतिक पद्धतीने वेगळे करता येतात’ हे तक्त्यातलं वाक्य खरं असतं ते असं. चाळणी आणि गाळणकागदापुरतं ते नसतं.

आता कळंक. आजी ताक कधी या पातेल्यात ठेवू द्यायची नाही, ‘कळकेल’ म्हणायची. आंबट पदार्थ आणि हवा मिळून तांबं खातात आणि त्यातून हिरव्या-निळ्या रंगाचे क्षार होतात. ओलसर हवेत नुसत्या पडून राहिलेल्या तांब्यावरही हिरवा थर चढतो. ताकाचा कळंक वेगळा, चिंचेच्या साराचा वेगळा, हवेचा वेगळा, पण प्रत्येकाचं आपापलं प्रमाण पक्कं. (गंमत म्हणजे भांडं लखलखीत करायलाही आपण चिंचच लावतो. तिचा आंबटपणा तांब्यावरचा काळा थर विरघळवतो. धुवायला उशीर केला की तीच चिंच भांडं कळकवते.)

या हिरव्या थराने एके काळी रसायनशास्त्रातला एक मोठा वाद निकाली काढायला हातभार लावला. तांब्याच्या हिरव्या कार्बोनेटाचं एक खनिज असतं, मॅलाकाइट. स्पेनमध्ये काम करणाऱ्या जोसेफ प्रूस्त या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने खाणीतून आलेलं हे कार्बोनेट आणि प्रयोगशाळेत स्वतः बनवलेलं कार्बोनेट, दोन्हींचं पृथक्करण केलं. प्रमाण एकच निघालं. हजारो वर्षं जमिनीत मुरलेलं असो की दुपारी काचेच्या भांड्यात बनवलेलं असो, तांब्याचा वाटा तोच. आजच्या हिशेबाने मॅलाकाइटमध्ये वजनाने साधारण साडेसत्तावन्न टक्के तांबं असतं. तुम्ही तांबं जास्त घाला, कमी घाला, संयुग आपल्याला हवं तेवढंच घेतं आणि उरलेलं बाजूला ठेवतं. प्रूस्तने हे मांडलं तो काळ १७९९च्या आसपासचा. पुण्यात तेव्हा दुसऱ्या बाजीरावाची कारकीर्द होती.

प्रूस्तच्या विरोधात उभा राहिला फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ क्लोद बर्तोले, आणि माझं मन नेहमी या हरलेल्या माणसाकडे ओढतं. बर्तोले नेपोलियनबरोबर इजिप्तला गेला होता. तिथल्या खाऱ्या तळ्यांच्या काठावर त्याला धुण्याच्या सोड्याचे थर साचलेले दिसले. मीठ आणि चुनखडी यांच्यातून सोडा तयार होत होता. प्रयोगशाळेत ही क्रिया बरोबर उलट्या दिशेने होताना त्याला माहीत होती. त्याने ताडलं की पदार्थ किती प्रमाणात हजर आहेत यावरही क्रियेची दिशा ठरते. ही मोलाची गोष्ट होती, पुढे रसायनशास्त्राने ती डोक्यावर घेतली. पण बर्तोले आणखी एक पाऊल पुढे गेला आणि म्हणाला की मग संयुगांचं प्रमाणही परिस्थितीप्रमाणे बदलत असणार. पुरावा म्हणून त्याने मिश्रधातू दाखवले, काच दाखवली, द्रावणं दाखवली. म्हणजे पितळच पुढे केलं म्हणा ना! प्रूस्तचं म्हणणं, अहो, ही संयुगं नव्हेतच. वाद वर्षानुवर्षं चालला, आणि दोघांनीही पायरी सोडली नाही. आजच्या वादपटूंनी बघण्यासारखं आहे ते.

तक्त्यातली ‘संयुग’ आणि ‘मिश्रण’ यांच्यामधली रेघ मारली गेली ती या वादात. त्याआधी ती कुणाला स्पष्ट दिसतच नव्हती. १८०८मध्ये इंग्रज शास्त्रज्ञ जॉन डाल्टनने अणूंचा सिद्धांत सविस्तर मांडला आणि ‘ठरावीक प्रमाण कोणी ठरवलं’ याचं उत्तर मिळालं. अणू अखंड असतात, ते एकास एक, एकास दोन असेच जुळणार, पाव अणू कुणी आणायचा? पितळेचं प्रमाण ओतारी ठरवतो. कळंकाचं प्रमाण ठरवायला कुणी लागत नाही.

मूलद्रव्याची व्याख्या त्या मानाने बिचारी साधी वाटते, पण तीही काळाप्रमाणे हलली आहे. १७८९मध्ये फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझियेने ३३ मूलद्रव्यांची यादी दिली, तिच्यात प्रकाश होता, उष्णता होती आणि चुनाही होता. ज्याचे आणखी तुकडे आजवर करता आले नाहीत ते मूलद्रव्य, अशी त्याची प्रामाणिक व्याख्या. पुढे इंग्रज रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्हीने विजेच्या जोरावर चुन्यातून कॅल्शियम काढून दाखवलं आणि चुना यादीतून गेला. आज यादीत ११८ जण आहेत.

पातेल्याला यंदा कल्हई करून घेतली. कल्हईवाले आता विरळा. आमच्याकडे येतात ते काका स्कूटरवर सामान आणतात, चामड्याच्या भात्याऐवजी छोटा पंखा असतो, बाकी सगळं तेच. गेटाबाहेर कोळसे पेटवले, पातेलं घासून तापवलं, सांडशीत धरून गोल फिरवत राहिले. पुरेसं तापलं की चिमूटभर नवसागर आत टाकला. भपकन पांढरा धूर आणि नाकात झोंबणारा वास. लगेच कथिलाची कांडी टेकवली, तिचं टोक पाण्यासारखं वितळलं, आणि कापसाच्या बोळ्याने त्यांनी ते आतून असं पुसत नेलं की बोळ्याच्या मागोमाग चांदी उमटत गेली. मग पातेलं बादलीत, चर्र.

त्या चिमूटभर नवसागरात धडाभराचं रसायनशास्त्र आहे. नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड, संयुग. तापला की त्याचे दोन वायू होतात, अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड. पहिला नाकात झोंबतो. दुसरा तापलेल्या धातूवरचं ऑक्साइड खाऊन टाकतो, म्हणजे कथिलाला चिकटायला उघडा धातू मिळतो. उरलेले दोघं वर जाऊन थंड होतात आणि एकास एक असे पुन्हा जुळतात. पांढरा धूर दिसतो तो बराचसा पुन्हा नवसागरच. प्रूस्त म्हणत होता ते गेटाबाहेर, रिक्षांच्या गर्दीत, चाललेलं असतं.

‘ताई, कथील महाग झालंय’, काका म्हणाले. ‘शिसं मिसळून स्वस्तात करून देणारे आहेत. मी नाही करत.’ त्यांनी ते सहज सांगितलं, पण मला तक्त्यातला एक न लिहिलेला फरक सापडला. भेसळ करायला मिश्रणाची मोकळीक लागते. कथिलात शिसं चार टक्के घाला नाहीतर चाळीस टक्के, वरून चकाकी तीच. शिसं पोटात जातं ते आमटीतून, हळूहळू. लक्ष्मी रोडवरच्या सोन्याचंही तसंच. २२ कॅरेट म्हणजे हजारात ९१६ भाग सोनं, बाकी तांबं-चांदी. ते ९०० केलं तरी नुसत्या डोळ्यांना कळायची मारामार, म्हणून तर दागिन्यावर छाप लागतो. नवसागराच्या रेणूत मात्र कुणी नायट्रोजन वाचवू शकत नाही. वाचवला तर तो नवसागर राहतच नाही.

आणि आता तक्त्याला सुरुंग. खरं तर सुरुंगाची दारूही या विषयात येते. शोरा (पोटॅशियम नायट्रेट), कोळसा आणि गंधक, साधारण ७५, १५ आणि १०. हे अस्सल मिश्रण. पाण्यात शोरा विरघळवून काढा, कार्बन डायसल्फाइडमध्ये गंधक, आणि मागे कोळसा राहतो. पेशव्यांच्या तोफा यावर चालल्या. खडकीत पुढे दारूगोळ्याचे कारखाने आले, आणि विसाव्या शतकातल्या स्फोटकांची जात वेगळी. टीएनटीसारख्या संयुगात जळणारा कार्बन आणि जाळणारा ऑक्सिजन एकाच रेणूत शेजारीशेजारी बांधलेले असतात, शोऱ्याच्या कणाने कोळशाच्या कणाला गाठायची वाट बघायला नको. फरक स्पष्ट करा म्हणतात तो याहून स्पष्ट कुठे होणार? पण आठवीच्या मुलांना हे उदाहरण द्यायला माझी जीभ रेटत नाही.

सुरुंग म्हणाले तो वेगळ्या अर्थाने. कथील पितळेवर नुसतं बसत नाही. दोघांच्या सीमेवर, तापलेलं असताना, तांबं आणि कथील एकमेकांत शिरतात आणि तांब्याचे ६ अणू, कथिलाचे ५ अणू असं नेमकं प्रमाण असलेला अतिशय पातळ थर तयार होतो. म्हणजे मिश्रण आणि मूलद्रव्य यांच्यामध्ये एक संयुग. कल्हई टिकते ती त्याच्या जोरावर. खुद्द पितळेतही जस्त वाढवल्यावर जे कडक कण होतात, त्यांच्यात तांबं आणि जस्त जवळजवळ एकास एक असतं. मग ते संयुग म्हणायचं की मिश्रण? आणि लोखंडाचं एक ऑक्साइड असं निघालं की त्यात ऑक्सिजनच्या १०० अणूंमागे लोखंडाचे जेमतेम ९५ असतात, आणि तेही कमीजास्त होतात. असल्या पदार्थांना विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रशियन शास्त्रज्ञ कुर्नाकोव्हने नाव दिलं बर्थोलाइड, आणि शिस्तीच्या संयुगांना डाल्टोनाइड. शंभरेक वर्षांनी का होईना, बर्तोलेचं नाव लागलं. मला तर बरं वाटलं.

एका चुणचुणीत मुलीने विचारलं, ‘काकू, आमच्याकडे सगळी स्टीलची भांडी आहेत. त्याला कल्हई का नाही लावत?’ हा प्रश्न पेपरात येत नाही, यायला हवा. स्टेनलेस स्टील हेही मिश्रणच, लोखंडात साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल. इंग्लंडमधल्या शेफील्डच्या हॅरी ब्रेअर्लीने १९१३मध्ये क्रोमियमचं न गंजणारं पोलाद ओतलं, निकेलची जोड त्याच सुमारास जर्मनीत मिळाली. त्यातलं क्रोमियम हवा लागताच ऑक्सिजनशी जुळतं आणि वर क्रोमियम ऑक्साइडचा थर धरतं, काही नॅनोमीटर जाडीचा, डोळ्यांना न दिसणारा. या भांड्याला आपली कल्हई आपणच करता येते. रुखवताच्या स्टीलच्या डब्यांवर मशीनने नाव घालतात तेव्हा तो थर खरवडला जातो आणि हवेत लगेच पुन्हा धरतो, म्हणून अक्षरं गंजत नाहीत. कल्हईवाल्यांचा धंदा बसवला तो या थराने.

त्यालाही एक शत्रू आहे, मिठातलं क्लोराइड. खारट आणि आंबट पाणी बरेच दिवस एका जागी राहिलं की ते या थराला भोक पाडून आत शिरतं आणि बुडाला सुईने टोचल्यासारखे बारीक खड्डे पडतात. मुलीने घरी जाऊन डबे तपासले आणि दुसऱ्या दिवशी सांगत आली की लोणच्याच्या डब्यात असे खड्डे आहेत. तिच्या आईला म्हटलं, लोणचं बरणीत भरा, काचेच्या नाहीतर चिनी मातीच्या.